गाईड निवडण्याआधी एक वजाबाकी

नेटचा, म्हणजे प्राध्यापकपद आणि पीएच.डी. प्रवेशासाठीच्या पात्रता परीक्षेचा, निकाल लागून आठवडा झाला होता. आमच्या महाविद्यालयातून एम.ए. झालेली एक मुलगी पेढ्यांचा बॉक्स आणि प्लास्टिकचं फोल्डर घेऊन स्टाफरूममध्ये आली. जेआरएफ (संशोधनासाठी दरमहा मिळणारी फेलोशिप) थोडक्यात हुकली होती, पण पीएच.डी. प्रवेशासाठी ती पात्र ठरली होती. पेढे वाटून झाल्यावर तिने फोल्डर उघडलं. आत चार विद्यापीठांच्या जाहिरातींच्या प्रिंट. प्रत्येकीच्या कोपऱ्यात पेनाने टिपलेलं : नॅकची (मूल्यांकनाची) श्रेणी ए प्लस की बी डबल प्लस, एनआयआरएफ या केंद्राच्या क्रमवारीत आहे-नाही, गावाहून एसटीने किती तास.

"सर, यातलं कुठलं घेऊ?"

दरवर्षी तीन-चार जण तरी मला हे विचारतात आणि दरवर्षी मी म्हणतो, की आधी बस, प्रश्नच चुकलाय. एम.ए.ला विद्यापीठ निवडलं तर चालतं. एका मास्तरांचे तास रटाळ झाले तर दुसऱ्यांचे असतात, ग्रंथालय असतं, मित्रमंडळी असतात, दोन वर्षं निघून जातात. पीएच.डी. मात्र एका माणसाकडे, म्हणजे गाईडकडे, करायची असते. त्या माणसाची सही नसली तर प्रोग्रेस रिपोर्ट पुढे सरकत नाही, फेलोशिपचा हप्ता अडकतो, प्रबंध जमा होत नाही. नॅकची श्रेणी विद्यापीठाच्या फायली बघून दिलेली असते. गाईडच्या केबिनबाहेरच्या बाकावर किती दुपारी बसावं लागेल, ते त्या फायलींत नसतं.

अर्थात चूक मुलीची नाही. जे जाहीर असतं ते ती टिपून आणते. गाईडबद्दल जाहीर काय असतं? नाव, हुद्दा, विशेष अभ्यासाचा विषय आणि शेवटच्या रकान्यात 'रिक्त जागा : २'.

माझी मागणी या शेवटच्या रकान्याबद्दल आहे. त्याच्या शेजारी आणखी तीन आकडे छापणं प्रत्येक विद्यापीठाला बंधनकारक करावं. या गाईडकडे आजवर किती जणांनी नोंदणी केली, किती जणांना पदवी मिळाली आणि किती जण मध्येच सोडून गेले.

कारण 'रिक्त जागा : २' याचे दोन अर्थ होतात. एक, दोन विद्यार्थ्यांचे व्हायवा (प्रबंधावरची तोंडी परीक्षा) झाले, पेढे वाटले गेले, जागा सुटल्या. दुसरा, दोन विद्यार्थी कंटाळून, रडून किंवा नोकरी मिळाल्यावर सुटकेचा निःश्वास टाकून निघून गेले आणि जागा सुटल्या. कागदावर आकडा तोच दिसतो. ज्याच्याकडे मुलं टिकत नाहीत, त्याच्याकडे जागा कायम रिकाम्या असतात. म्हणजे नवख्या विद्यार्थ्याला सगळ्यात सहज सापडतो तो नेमका हाच गाईड. वर मंडळी त्याला सांगतात, "अरे, त्यांच्याकडे लगेच मिळेल बघ."

मग निवड होते कशी? ओळखीने. आपल्या गावाकडचे, आपल्या समाजाचे, आपल्या प्राचार्यांचे वर्गमित्र. हे बोलायला बरं वाटत नाही, पण स्टाफरूममध्ये दहा वर्षं बसलेल्या माणसाला ते नवीन नाही. शिवाय घाई असते. नेटमधून फक्त पीएच.डी.साठी पात्र ठरलेल्यांचे गुण एकच वर्ष चालतात. प्रवेशात त्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. वर्ष सरत आलं की मुलगा कुठल्याही दाराशी उभा राहतो आणि म्हणतो, सर, विषय तुम्ही सांगाल तो.

२०२२च्या नोव्हेंबरात यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, पीएच.डी.चे नवे नियम काढले. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ विद्यार्थी, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवीन विद्यार्थी नाही. विद्यार्थ्याला किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावरही दोन वर्षांची सवलत. दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे उभं राहून सहा महिन्यांत काय केलं ते सांगायचं. हे सगळं ठीकच आहे. पण हिशेब फक्त विद्यार्थ्याचा निघतो. सहा महिन्यांत गाईडने किती पानं वाचली, हे त्या समितीत कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. बरं, समितीचे निमंत्रकही गाईडच असतात.

त्याच नियमांत एक तरतूद फार समंजस आहे. लग्नामुळे किंवा दुसऱ्या कारणाने विद्यार्थिनीला गाव बदलावं लागलं, तर तिला आपलं संशोधन दुसऱ्या संस्थेत नेता येतं. सासर बदललं तर विद्यापीठ बदलण्याची सोय झाली. गाईडशी पटेनासं झालं तर? अनेक ठिकाणी गाईड बदलण्याच्या अर्जाला आधीच्याच गाईडचं ना-हरकत पत्र जोडावं लागतं. ज्याच्या जाचाला कंटाळून अर्ज करायचा, त्याच्याच केबिनमध्ये जाऊन म्हणायचं, सर, एवढी सही द्या.

तर त्या मुलीला मी म्हटलं, रविवारी घरी ये, आपण वजाबाकी करू.

ही वजाबाकी कुणालाही करता येते. गाईडची नावं आणि त्यांच्याकडे नोंदलेले विद्यार्थी, विषय आणि प्रवेशाची तारीख ही यादी दरवर्षी संकेतस्थळावर ठेवायची, असं यूजीसीचे नियम सांगतात. ही झाली आत गेलेल्यांची यादी. दुसरीकडे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राचं 'शोधगंगा' हे संकेतस्थळ आहे. तिथे देशभरातल्या विद्यापीठांचे पदवी मिळालेले प्रबंध ठेवलेले असतात आणि गाईडच्या नावाने शोधताही येतात. ही झाली बाहेर पडलेल्यांची यादी. पहिलीतून दुसरी वजा केली की उरतात ते अजून काम करणारे, किंवा गळालेले. नोंदणी होऊन आठ-दहा वर्षं उलटलेलं नाव उरलं, तर काय झालं असावं ते समजतं.

प्रत्यक्षात हे वाटतं तितकं सरळ नाही. पहिली यादी म्हणजे तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ. कुठे शिक्का नावावरच बसलेला, एका वर्षाची फाइल उघडेचना, दोन वर्षांच्या फायली गायब. शोधगंगेवर एकाच गाईडचं नाव तीन प्रकारे : आडनाव आधी, आडनाव शेवटी आणि एका ठिकाणी नुसती आद्याक्षरं. नोंदणीची आणि पूर्ण झाल्याची तारीख भरायला जागा आहे, पण बऱ्याच प्रबंधांपुढे ती मोकळी. चहाचे तीन कप आणि साडेतीन तास गेले. तिने वहीत रेघा मारून रकाने पाडले होते. जिथे सगळ्यात सहज जागा मिळत होती, त्या गाईडकडे आम्हाला नऊ जुन्या नोंदण्या सापडल्या आणि प्रबंध चार. पाच नावं उरली.

पाचपैकी तिघांचे नंबर या-त्या ओळखीतून मिळाले. एक तलाठी झाला होता आणि आनंदात होता. म्हणाला, फेलोशिप बंद झाली, परीक्षा दिली, सुटलो, सरांचा काही दोष नाही. दुसरा शिकवणी वर्ग चालवतो, त्याला या विषयावर बोलायचंच नव्हतं. तिसरी एक बाई. आता दुसऱ्या जिल्ह्यात, तासिका तत्त्वावर शिकवते. आमच्या मुलीने अदबीने ओळख करून दिली, ताई, मी अमुक, सरांकडे नोंदणी करायचा विचार आहे, म्हणून विचारते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ताईंनी एकच विचारलं, "सर अजून रविवारी घरी बोलावतात का गं?"

त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत, आणि हिने विचारलंही नाही. वहीत त्या नावापुढे तिने नुसती एक आडवी रेघ मारली.

मी आरोप करत नाहीये. रविवारी बोलावून मन लावून प्रकरण वाचणारे गाईडही मी पाहिले आहेत. पण ही गोष्ट त्या मुलीला फोन केल्याशिवाय कळली नसती आणि फोन करायचा हे तिला सुचायला स्टाफरूममध्ये कुणीतरी ओळखीचं असावं लागलं. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी एम.ए.पर्यंत आलंय, त्यांना कोण सुचवणार?

माझंही सांगतो. माझ्या पहिल्या गाईडकडे मी सव्वातीन वर्षं काढली. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा दोनशे पत्रिकांवर नावं मी घातली. अक्षर चांगलं, हाच माझा दोष. दुसरं प्रकरण त्यांच्या ड्रॉवरमध्ये अकरा महिने होतं. परत आलं तेव्हा त्यावर पेन्सिलची एक खूणही नव्हती, पहिल्या पानावर चहाच्या कपाची गोल खूण तेवढी होती. आज त्यांच्याच वयाचा झाल्यावर वाटतं, ते वाईट नव्हते. आठ विद्यार्थी, विभागप्रमुखपद, नॅकची समिती, पेपर तपासणी. माणूस थकलेला होता. पण हे मला नोंदणीआधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी गाईड बदलून मिळाला, तोही एका भल्या सरांनी मध्ये पडून. ते नसते तर मीही कुणाच्या तरी वजाबाकीत उरलो असतो.

जाता जाता व्हायवाच्या दिवसाबद्दल. बाहेरगावच्या परीक्षकांची उतरण्याची सोय, दुपारचं जेवण, शाल-श्रीफळ, विभागात पेढे. हा खर्च विद्यार्थ्याने करावा असं कुठल्याही नियमात नाही. विद्यार्थीच करतो.

डिसेंबर २०२३मध्ये नागपूरच्या अधिवेशनात फेलोशिपचा विषय निघाला, तेव्हा ही मुलं पीएच.डी. करून काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी केला होता. विद्यार्थी चिडले, आणि चिडणं रास्त होतं. पण सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणं मला गैर वाटत नाही. जेआरएफ दरमहा ३७ हजार रुपये आहे, पुढच्या टप्प्यात, म्हणजे एसआरएफला, ४२ हजार. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था राज्याच्या तिजोरीतून फेलोशिप देतात. एक मुलगा चौथ्या वर्षी सोडून गेला, तर सरकारचे लाखो रुपये आणि त्याची पंचविशीतली चार वर्षं गेली. मग दिवा का लागला नाही हे एकट्या वातीला विचारायचं? तेल घालण्याचं काम ज्याच्याकडे होतं त्यालाही विचारा की.

यावर सहकाऱ्यांशी माझे वाद झालेत आणि त्यांचे दोन मुद्दे मला पटतात. पहिला आकड्यांचा. सहायक प्राध्यापकाकडे चारच जागा; त्यातला एक तलाठी झाला की '२५ टक्के गळती' असं दिसणार. म्हणून टक्केवारी नको. साधे आकडे द्या, दहा वर्षांचे द्या आणि सोडून जाणाऱ्याला कारण लिहायला एक ओळ द्या. गाईडलाही एक ओळ द्या. वाचणारा अडाणी नाही, 'नोकरी लागली' आणि 'कारण नमूद नाही' यातला फरक त्याला कळतो.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. आकडे लावले की गाईड जपून विद्यार्थी घेतील. शहरातला, घरची ऐपत असलेला, इंग्रजी बरं असलेला मुलगा सहा वर्षांत हमखास पूर्ण करतो; शेतीची कामं सांभाळून येणारा, घरी आजारी आई असलेला कदाचित करणार नाही. मग त्याला आधीच दारातून परत पाठवतील. हे होईल, थोडंफार नक्की होईल. माझ्याकडे याचं पूर्ण उत्तर नाही. पण आज काय होतं ते बघा. आज त्याच मुलाला सहज प्रवेश मिळतो तो ज्या दाराने कायम मुलं बाहेर पडतात तिथे, आणि चार वर्षांनी तो रिकाम्या हाताने गावी जातो. दारातून परत पाठवलेल्याचं निदान ते एकच वर्ष जातं.

"आमच्यावर एवढा भार असताना आणखी हिशेब कशाला," हाही सूर असतो. महाराष्ट्रात प्राध्यापकांच्या किती जागा वर्षानुवर्षं भरल्या नाहीत ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण गळतीचे आकडे समोर आले तर भरतीची मागणी करायला उलट बळच मिळेल.

जुन्या लोकांची एक साखळी मला या संदर्भात आठवते. मालवणचे समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले ते लंडनला समाजशास्त्राचे प्राध्यापक हॉबहाउस यांच्याकडे. तिथे काही जमेना, तर केंब्रिजला मानववंशशास्त्रज्ञ रिव्हर्स यांच्याकडे गेले. १९२२ साली रिव्हर्स अचानक वारले. घुर्यांचा प्रबंध तिथल्याच हॅडन यांच्याकडे पूर्ण झाला. एकदा स्वतः गाईड बदलला, एकदा काळाने बदलला, पण विद्यार्थी बुडाला नाही, कारण विद्यार्थी संस्थेचा होता. पुढे घुर्ये मुंबईत गाईड झाले. त्यांच्या हाताखाली एम.ए. केलेल्या इरावती कर्वे १९२८मध्ये बर्लिनला मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्याकडे गेल्या. हे फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. गोऱ्यांच्या कवट्यांची ठेवण निराळी आणि त्यातच त्यांच्या बुद्धीचं मूळ, असं त्यांना सिद्ध व्हायला हवं होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. तसा फरक सापडला नाही, आणि सापडला नाही असंच त्यांनी प्रबंधात लिहिलं. डॉक्टरेटही मिळवली. गाईड कसा होता, तर पुढच्या इतिहासाने त्याला कधीच माफ केलं नाही असा. तरीही विद्यार्थिनीचा न पटणारा निष्कर्ष तिथल्या व्यवस्थेत पदवीपर्यंत पोचला.

तो काळ मूठभरांचा होता, त्याची आरती करायची गरज नाही. पण आमच्याकडे आज सर्वेक्षणाचे तक्ते गाईडच्या छापील लेखाच्या विरुद्ध गेले, तर किती विद्यार्थी ते तसेच प्रबंधात ठेवतील? मी परीक्षक म्हणून प्रबंध वाचतो. असा एकही अजून हाती आलेला नाही.

आता तर प्रश्न आणखी लवकर येणार आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण केलेल्याला थेट पीएच.डी.ला जाता येतं. एम.ए.च्या दोन वर्षांत निदान माणसं कळायची. कोण तासाला येतो, कोण नुसती पानं उलटून सही करतो, कोण पोरांना बाजारातून भाजी आणायला लावतो. ते आता बाविशीतल्या पोराने एका पीडीएफवरून ओळखायचं.

ती वही बंद करताना मुलगी मला म्हणाली, "सर, हे सगळं खरं, पण निवडायला निदान दोन तरी हवेत ना?" हे बाकी अगदी खरं. तिच्या विषयात, एसटीने जाऊन-येऊन होईल अशा टापूत, रिक्त जागा असलेले गाईड दोनच होते. म्हणून हे आकडे नुसत्या विद्यार्थ्यांसाठी नकोत. जागा विद्यापीठ देतं. एखाद्याकडून लागोपाठ तीन जण निघून गेले, तर चौथा देण्याआधी विद्यापीठाने थांबून विचारायला हवं. आज सुटलेली जागा पुढच्या जाहिरातीत आपोआप जाऊन बसते. ती मुलगी शेवटी त्या टापूबाहेरच्या दुसऱ्याच गाईडकडे गेली. एकशे ऐंशी किलोमीटर, खोली भाड्याने घेऊन. वडिलांना ते पटलेलं नाही.

ती गेल्यावर मी त्याच वहीच्या मागच्या पानावर माझी वजाबाकी मांडली. आमच्या महाविद्यालयातल्या संशोधन केंद्रात मी गाईड आहे. नोंदण्या पाच, पदवी दोघांना, दोघं काम करताहेत, एक सोडून गेला. तो का गेला हे मला माहीत होतं, पण लिहायला वेळ लागला. त्याचं तिसरं प्रकरण माझ्याकडे सात महिने पडून होतं. त्या वर्षी परीक्षा विभागाचं काम माझ्याकडे होतं, हे खरं. आणि सात महिने, हेही खरं.

त्याला फोन केला. आता तो एका पतसंस्थेत आहे. माझ्याकडे नोंदणी करायची म्हणून कुणी आलं तर तुझा नंबर देऊ का, असं विचारलं. तो हसला आणि म्हणाला, द्या की सर, पण मी खरं सांगेन हां.

तेव्हापासून तिघांना दिला. पहिले दोघं परत आले नाहीत. तिसरी मुलगी आली, आणि आल्या आल्या तिने विचारलं, प्रकरण दिल्यावर किती दिवसांत वाचून द्याल?